मग चुलवाणात काय घालायचं?

दिवाळी उरकली की गुऱ्हाळं पेटतात आणि आमच्या घरातली माणसं काही ना काही निमित्त काढून गावाकडे जमतात. थोरल्या भावाचं गुऱ्हाळ नदीकाठच्या रानात आहे. यंदा भाचीही आली होती. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी करते, म्हणजे नेमकं काय करते हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आदल्या वर्षी तिने भावाकडून ऊस पिळून उरलेल्या, वाळलेल्या चिपाडाचं एक पोतं मागून नेलं होतं, तेव्हापासून तर तिच्या शिक्षणाबद्दल घरात जास्तच शंका निर्माण झाली होती. यंदा तिने पिशवीतून एक छोटं पाकीट काढलं आणि त्यातून तळहाताएवढी एक पारदर्शक चकती भावाच्या हातावर ठेवली. त्याचे हात गुळाने चिकट झालेले, म्हणून त्याने ती दोन नखांत कडेला धरली आणि उन्हाकडे तोंड करून तिच्यातून पाहिलं. पलीकडची काहील, तिच्यावरची वाफ, फेस सारखा करणारा गुळव्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. 'मामा, हे तुमच्याच चिपाडाचं हाय,' ती म्हणाली. 'हायड्रोजनवर वीज करत्यात, त्या यंत्रात असा पडदा लागतो.' भावाने चकती उलटीपालटी करून पाहिली, फुंकर मारली, तशी ती कडेने किंचित वळली. मग तो सरळ चेहऱ्याने म्हणाला, 'आन् सगळं चिपाड तिकडं गेलं तर चुलवाणात काय घालायचं?'

सगळे हसले. काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालत बसलेला जाळव्या सगळ्यात मोठ्याने हसला. भाचीही हसली, पण उत्तर तिने दिलं नाही, आणि परतीच्या एसटीत तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. प्रयोगशाळेत ज्याला शेतीतला टाकाऊ माल म्हणतात, तो गुऱ्हाळावर कुणी टाकत नाही. घाण्यातून बाहेर पडलेलं ओलं चिपाड बायका रानात पसरतात, दोन-तीन दिवसांचं ऊन खाऊन ते वाळतं, मग त्याच्या गंजी लागतात, आणि त्या गंजीवरच पुढच्या आधणाचा रस उकळतो. गुळासाठी वेगळं जळण विकत घ्यायची वेळ ज्याच्यावर आली, त्याचं गुऱ्हाळ त्या हंगामात तोट्यात गेलंच म्हणून समजा. वाढे जनावरांना जातात, काकवी बाटल्यांत भरून पाहुण्यांना जाते, मळीसुद्धा कुणीतरी मागून नेतं. साखर कारखान्यांचंही तसंच. तिथला भुसा बॉयलरमध्ये जळतो, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकली जाते. म्हणजे चिपाड आधीपासूनच ऊर्जा आहे. ते जाळायच्या ऐवजी त्याचा पडदा करून ऊर्जेच्या यंत्रात बसवायचा, यात आपण नक्की काय कमावतो आणि काय घालवतो, हे मला स्वतःला समजून घ्यायचं होतं.

त्यात माझा थोडा हक्कही होता. नोकरीची सगळी वर्षं माझी ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी डबा आणि तेल. आत हात घातलेल्या माणसाला माहीत असतं की तो मुळात तांबं आणि कागद आहे. तांब्याच्या तारेवर गुंडाळलेला क्राफ्ट पेपर, थरावर थर, आणि मग तेल. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे सेल्युलोजच. तेल बदलता येतं, गाळता येतं. कागद बदलायचा तर पूर्ण वाइंडिंगच नवीन करावं लागतं. म्हणून कागद म्हातारा झाला की ट्रान्सफॉर्मर म्हातारा झाला, असा आमच्याकडे हिशेब. सेल्युलोजची साखळी नव्या कागदात हजार-बाराशे कड्यांची असते. उष्णता, आम्ल आणि पाणी यांनी ती तुटत तुटत दोनशेवर आली की कागद बोटाने चुरगळतो. यातला पाणी हा आमचा मुख्य वैरी. नवीन वाइंडिंग भट्टीत ठेवून, निर्वात करून, दिवसचे दिवस कागदातलं पाणी ओढून काढायचं, अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचं आणि हवा लागायच्या आत तेल भरायचं. पावसाळ्यात ब्रीदरमधली, हवेतली ओल शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली की आमच्या पोटात गोळा यायचा. त्यामुळे भाचीने जेव्हा सांगितलं की तिचा पडदा ओला असेल तरच काम करतो, कोरडा पडला की ठप्प, तेव्हा मला ते ऐकायलाच चमत्कारिक वाटलं. ज्या ओलाव्याशी मी जन्मभर भांडलो, तो हिला हवा होता.

मग फोनवर आणि दोन-तीन रविवारी समोरासमोर बसून मी तिच्याकडून सगळं समजून घेतलं.

चिपाडात पाणी सोडून जे उरतं त्यातला चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग सेल्युलोज. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या वनस्पतींतून तो वेगळा काढून दाखवला. तो काय आहे, तर ग्लुकोजच्या हजारो कड्यांची सरळ साखळी. आणि काहिलीत जी साखर आटते आहे, तिच्यातलाही अर्धा भाग ग्लुकोजच. म्हणजे वर काहिलीत साखर आणि खाली चुलवाणातही साखरच. वरची आपण खातो, खालची जाळतो. फरक जोडणीचा. चिपाडातल्या कड्या अशा रीतीने जोडलेल्या असतात की साखळी ताठ राहते, शेजारच्या साखळीला चिकटून बसते, आणि पाण्यालाही तिच्या गाभ्यात शिरता येत नाही. आपल्या पोटाला ती फोडता येत नाही. बैलाला येते, तीही त्याच्या पोटातल्या जंतूंच्या जोरावर. गुऱ्हाळावर लहानपण गेलेल्या माणसाला हे साठीनंतर कळावं याचं मला थोडं वाईट वाटलं आणि थोडी मजाही.

तिने त्या पोत्याचं काय केलं तेही ऐकण्यासारखं आहे. आधी चिपाड दळून कॉस्टिक सोड्यात उकळायचं. तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन सुटून येतं, पाणी काळंकुट्ट होतं आणि प्रयोगशाळेत ओल्या बुरसट लाकडासारखा वास भरतो, म्हणे. मग ब्लीच करून पांढरा लगदा. इथवर कागद गिरणीसारखंच. पुढची पायरी खरी. या लगद्यावर 'टेंपो' नावाच्या एका तांबूस-केशरी रसायनाची प्रक्रिया करायची. (हे तिने गुऱ्हाळावरच सांगायला घेतलं होतं, टेंपो म्हटल्यावर भावाने रस्त्याकडे पाहिलं.) हे रसायन अगदी थोडं लागतं. त्याच्या जोडीला सोडियम ब्रोमाइड आणि आपलं घरगुती ब्लीच ज्याचं असतं ते हायपोक्लोराइट. साखळ्यांच्या पृष्ठभागावरची काही टोकं त्यामुळे आम्लधर्मी होतात, त्यांच्यावर ऋण भार येतो, आणि सगळ्या साखळ्यांवर एकाच जातीचा भार आला की त्यांचे जुडगे एकमेकांना ढकलायला लागतात. आता थोडा जोर लावला की लगदा उलगडतो, तीन-चार नॅनोमीटर रुंदीच्या सुट्या तंतूंमध्ये. टोकिओ विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट शोधली आणि त्यासाठी २०१५ साली मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार त्यांना मिळाला. बीकरमध्ये दिसतो तो एक पारदर्शक, थरथरणारा, घट्ट रस. त्यात घन पदार्थ दोन टक्केसुद्धा नसतो आणि तरी भांडं उपडं केलं तर ओघळत नाही. तो गाळून त्यातलं बरंच पाणी काढलं आणि उरलेला थर पसरट काचेत सावकाश वाळवला की चकती तयार.

दुसरी वाट त्याहून जुनी. १९४९ च्या सुमारास स्वीडनमध्ये रॉनबी या शास्त्रज्ञाने सेल्युलोज गंधकाम्लात ठेवून त्याचा मऊ, अव्यवस्थित भाग विरघळवून टाकला. उरले ते ताठ, काडीसारखे स्फटिक, आणि आम्लाने जाता जाता त्यांच्या अंगावर गंधकाचे भारित गट चिकटवून ठेवले. हे गट पुढे कामाला येतात. भाचीच्या प्रयोगशाळेत कुणी स्फुरदाचे गट जोडतं, कुणी नत्राचे धनभारित गट. गटावर ऋण भार असेल तर धन आयन, म्हणजे धनभारित कण, पलीकडे सोडणारा पडदा, आणि धन भार असेल तर ऋण आयन सोडणारा. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज, म्हणजे असेच अतिबारीक तंतू आणि स्फटिक, करण्याचा पथदर्शी प्रकल्प आहे. कापूस तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, त्याला कॉस्टिकची मारहाण कमी लागते.

आता हा पडदा लागतो कशाला? फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनवर वीज करणाऱ्या त्या यंत्रात, एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मधल्या पडद्याने फक्त प्रोटॉन पलीकडे सोडायचे. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने फिरून यायला लावायचं, तीच वीज. आणि हायड्रोजन वायू मात्र अजिबात गळू द्यायचा नाही. म्हणजे एकाला वाट, दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याला मज्जाव. १९६५ मध्ये जेमिनी-५ या अंतराळयानात असे सेल गेले तेव्हा पडदा पॉलिस्टायरिनचा होता आणि तो फार टिकणारा नव्हता. त्याच दशकात ड्युपाँ या रसायन कंपनीत वॉल्टर ग्रोट यांनी नाफिऑन हा पडद्याचा माल तयार केला. टेफ्लॉनसारखा कणा आणि त्यावर गंधकाच्या आम्लगटांच्या शेपट्या. आम्ल, उष्णता, ऑक्सिडीकरण, कशालाच ते दाद देत नाही. आजही फ्युएल सेलचा विषय निघाला की मोजमाप नाफिऑनशी होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशी बनावटीची हायड्रोजन बस दाखवली गेली, तिचे फोटो आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होते. बसच्या मागून फक्त पाण्याची वाफ निघते याचं सगळ्यांना कौतुक. पण अशा गाड्यांच्या पोटात सहसा जो पडदा असतो तो फ्लोरिनच्या त्या कुळातला, ज्यातली रसायनं मातीत आणि पाण्यात गेली की जात नाहीत. युरोपात २०२३ च्या सुरुवातीला पाच देशांनी मिळून या संपूर्ण कुळावरच निर्बंधांचा प्रस्ताव मांडला, आणि तेव्हापासून फ्लोरिनशिवाय पडदा करता येईल का, या प्रश्नाला एकदम धार आली. चिपाडाचं पोतं पुण्याला गेलं त्यामागे हे कारण आहे.

आणि इथेच पाण्याचा पेच. प्रोटॉन एकटा धावत नाही. तो पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर दिला जातो, हातोहात. पडद्यात पाणी असेल आणि आम्लगट असतील तर तो सुरेख पुढे जातो. सेल्युलोजला पाण्याची ओढ आहेच. पण जास्त पाणी प्यायला की तो फुगतो, मऊ पडतो, वळतो. भावाच्या फुंकरीने कड वळली ती उगाच नाही. २०१६ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या गटाने निव्वळ नॅनोसेल्युलोजचे पडदे मोजले. स्फटिकांचा पडदा प्रोटॉन वाहून नेण्याच्या मोजणीत १२० अंशांवर, पूर्ण दमट हवेत, सेंटिमीटरला साडेचार मिलिसीमेन्सच्या आसपास गेला. नाफिऑन शंभराच्या घरात असतं. म्हणजे वीस पट मागे. हे ऐकून मी मनातल्या मनात फाईल बंद केली होती. पण त्याच मोजणीत दुसरी गोष्ट निघाली. हायड्रोजन अडवण्यात हाच पडदा नाफिऑनच्या कितीतरी पुढे, हजारपटीपर्यंत. साखळ्या इतक्या दाटीने बसतात की वायूला फट सापडत नाही. मग गणित बदलतं: वायू गळणार नसेल तर पडदा पातळ करा, आणि पातळ केला की प्रोटॉनला कापायचं अंतरच कमी. संशोधनात मला आवडतं ते हे. ज्या गुणामुळे माल नापास झाला त्याच्या शेजारी पडलेला दुसरा गुण कुणीतरी उचलतो.

सेल्युलोजला ही कामं नवीनही नाहीत, हे मला यानिमित्ताने नीट कळलं. आपण ज्याला जिलेटीन पेपर म्हणतो, शाळेच्या गॅदरिंगला दिव्यांपुढे लावायचा तो लाल-हिरवा कागद, त्याचा जिलेटीनशी काही संबंध नाही. तो सेलोफेन, म्हणजे विरघळवून पुन्हा घट्ट केलेला सेल्युलोज. आंरी आंद्रे नावाच्या फ्रेंच संशोधकाने चांदी-जस्ताच्या बॅटरीत मधला पडदा म्हणून तोच घातला आणि ती बॅटरी व्यवहारात आली. १९४३ साली हॉलंडमध्ये नाझी अमलाखाली डॉ. विलेम कोल्फ यांनी पहिलं डायलिसिस यंत्र उभं केलं, तेव्हा रक्त फिरवायला सॉसेजच्या आवरणाची सेलोफेनची नळी वापरली. शिशाच्या बॅटऱ्यांत तर एके काळी चक्क देवदार वर्गातल्या लाकडाचे पातळ पापुद्रे दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवत. आमच्या सबस्टेशनच्या बॅटरी रूममधले जुने लोक ते ऐकून असत. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा केला आणि समुद्राचं पाणी गोडं करणं शक्य झालं. आता घरोघरी आरओ आहे. त्यातला पडदा वेगळ्या मालाचा असला तरी घराणं तेच.

याच लोबने पुढे उलटा विचार केला: गोडं पाणी खाऱ्याकडे ओढ घेतं, तर त्या ओढीवर वीज का करू नये? नॉर्वेत २००९ साली स्टॅटक्राफ्ट या वीज कंपनीने टोफ्टे या ठिकाणी त्याचं पहिलं केंद्र काढलं. राजघराण्यातल्या व्यक्तीच्या हस्ते उद्घाटन वगैरे झालं. पहिले पडदे सेल्युलोज अॅसिटेटचे. वीज निघाली ती जेमतेम काही किलोवॅट, किटल्या तापवाव्यात एवढी. चौरस मीटरला पाच वॅट मिळाले तर धंदा परवडेल असं गणित होतं, ते जुळेना, आणि २०१३ मध्ये कंपनीने काम थांबवल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे ते केंद्र एका लगद्याच्या गिरणीच्या आवारात होतं आणि ती गिरणीही त्याच वर्षी बंद पडली. मी हे वाचून बराच वेळ उदास होतो. नदी समुद्राला मिळते तिथे फुकट चाललेली वीज पकडायची, याहून सुंदर कल्पना आमच्या खात्यात मी तरी ऐकली नव्हती, आणि ती एका पडद्यापायी अडली.

तांब्याची गोष्ट मात्र मला वैयक्तिक लागली. २०२१ साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने, ब्राउन विद्यापीठातल्या लोकांबरोबर, नॅनोसेल्युलोजच्या तंतूंत तांब्याचे आयन शिरवले. कॉस्टिकच्या द्रावणात तांबं, त्यात लाकडाचे तंतू. तांबं साखळ्यांवरच्या ऑक्सिजनला धरून बसतं आणि घट्ट चिकटलेल्या साखळ्या किंचित फाकतात. त्या फटीतून लिथियम आयन धावतात, साध्या तापमानाला, घन पदार्थातून, द्रव बॅटरीच्या बरोबरीला येईल अशा वेगाने. ज्वलनशील द्रवाशिवायची लिथियम बॅटरी, तिच्यासाठी हा पडदा. आता माझी अवस्था पाहा. तांबं आणि सेल्युलोज. हीच जोडी मी इतकी वर्षं हाताळली. एकमेकांना चिकटून, तेलात बुडून, दोघं संसार करत होती, आणि आम्हाला एकच काळजी, की तांब्यामुळे तेल लवकर खराब होऊन कागदाचं आयुष्य घटू नये. तांबं कागदाच्या आत शिरून त्याला नवं काम शिकवेल हे आमच्या कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. कौतुक वाटलं आणि खोटं कशाला बोलू, थोडा मत्सरही वाटला.

पण हे सगळं 'हिरवं' आहे का, यावर भाचीचं आणि माझं चांगलंच वाजलं. तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर शाश्वत, नैसर्गिक, विघटनशील असे शब्द आहेत. मी विचारलं, कॉस्टिकचं काळं पाणी कुठे जातं? ब्लीच? ब्रोमाइड? आणि वीज? तर लगदा नुसत्या दाबाने फोडून तंतू करायच्या जुन्या पद्धतीत टनामागे २५,००० युनिटांच्या वर वीज जाते, अशा नोंदी आहेत. आमच्या भागातल्या पाच माणसांच्या घराला ती कित्येक वर्षं पुरेल. रासायनिक प्रक्रिया आधी केली की हा आकडा काही शेकड्यांवर, फार तर हजारावर येतो. म्हणजे इथे रसायन हे निसर्गाचं वाकडं करत नाही, उलट वीज वाचवतं. हे ती म्हणाली आणि मला मान्य करावं लागलं. पण वाळवण्याचा खर्च राहतोच. अठ्ठ्याण्णव टक्के पाणी असलेल्या रसातून ते पाणी घालवायचं आहे. गुऱ्हाळवाल्याच्या भाच्याला रस आटवायला किती जळण लागतं हे शिकवायला नको, असं मी म्हणालो. तर ती म्हणाली, मी भाचा नाही, भाची आहे, आणि मला ते माहीत आहे म्हणूनच मी सगळा रस न आटवता आधी गाळून घेते. बरं.

मग भावाच्या प्रश्नाचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून मांडला, वहीच्या मागच्या पानावर. एका गाडीला शंभर किलोवॅटचा फ्युएल सेल धरा. चांगल्या पडद्याच्या चौरस सेंटिमीटरमागे एक वॅट मिळतो, म्हणजे दहा चौरस मीटर पडदा. सेल्युलोजचा पडदा कमजोर म्हणून चौपट धरू, चाळीस चौरस मीटर. जाडी वीस मायक्रॉन. वजन किती? सव्वा किलोसुद्धा नाही. आता उलटीकडून. एक टन उसामागे तीनशे किलो ओलं चिपाड, त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्या दीडशेत साठ किलो सेल्युलोज. त्यातला निम्मा प्रक्रियेत गेला समजा. तरी तीस किलो. म्हणजे एक टन उसाच्या चिपाडात पंचवीस गाड्यांचे पडदे! एका हंगामात भावाच्या गुऱ्हाळावर जेवढं चिपाड जळतं, तेवढ्यात हजारो गाड्या हायड्रोजनवर आल्या तरी त्यांचं भागेल, इतका तो आकडा मोठा निघाला.

भाची खूश झाली. मी मात्र तो आकडा पाहून गप्प झालो.

कारण त्याची दुसरी बाजू अशी की चुलवाणाला यापासून काही धोका नाही, हे खरंच. पण मग शेतातल्या मालाचा सदुपयोग, पाचट जाळण्यावर उपाय, शेतकऱ्याला नवं उत्पन्न, ही जी वाक्यं अशा संशोधनाच्या प्रत्येक प्रस्तावात येतात, त्यांनाही काही अर्थ उरत नाही. पाचटाचे डोंगर या पडद्यांनी हलणार नाहीत. भावाला त्याच्या चिपाडाचे चार पैसे जास्त मिळणार नाहीत. एका पोत्याला कोण काय देणार? पैसा मिळेल तो चिपाडाला नाही, त्यावर जे केलं जातं त्याला. या पडद्याचं मोल त्यात किती ऊस खपला यावर धरायचंच नाही. त्याने किती फ्लोरिन वाचवलं, हे मोजायचं. हे मी तिला म्हणालो तेव्हा ती म्हणाली, 'मामा, तसं लिहिलं तर पैसे कुठल्या योजनेतनं मागायचे?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याही खात्यात ज्या योजनेत पैसा असे, त्या योजनेच्या भाषेत आम्ही जुनीच कामं लिहून पाठवायचो.

त्याहून खोल गाठ आणखी एक आहे आणि ती सुटल्याचं मला कुठे दिसलं नाही. सेल्युलोजचं कौतुक आपण करतो ते कुजतो म्हणून. मातीत गेला की बुरशी त्याला ओळखते, कात्री लावते, पुन्हा साखर करते आणि खाते. पण फ्युएल सेलमध्ये पडद्याने कुजता कामा नये. तिथे आत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यातून निघालेले मुक्त मूलक, म्हणजे दिसेल त्याला झोंबणारे रेणूंचे तुकडे, साखळ्या कुरतडतात. मोटारीच्या फ्युएल सेलने आठ हजार तास चालावं अशी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची अपेक्षा आहे, ट्रकच्या सेलने पंचवीस-तीस हजार तास. म्हणून रसायनशास्त्रज्ञ साखळ्या एकमेकींना टाके घालून बांधतात, त्यांची टोकं बदलतात, मध्ये दुसरं पॉलिमर भरतात. पण जसजशी साखळी बदलत जाते तशी ती बुरशीच्या ओळखीची राहत नाही. सेल्युलोज अॅसिटेटचंच पाहा. अॅसिटेटचे गट थोडे असले तर तो मातीत जिरतो, जास्त असले तर वर्षानुवर्षं पडून राहतो. सिगरेटची थोटकं रस्त्याकडेला तशीच दिसतात, त्यातला फिल्टर याच मालाचा. यंत्रात जितका टिकाऊ, मातीत तितकाच चिवट. नाफिऑन सोडून आपण झाडाकडे आलो आणि झाडाला हळूहळू नाफिऑनसारखं करत निघालो, असं तर नाही ना होत?

माझं मत विचाराल तर पहिली जागा या पडद्यांनी गाड्यांमध्ये शोधूच नये. बॅटरीतला साधा मधला कागद, वीज झटकन साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमधला विभाजक, जस्ताच्या बॅटऱ्या, जिथे मूलकांचा मारा कमी आहे आणि जिथे सेल्युलोज शंभर वर्षं वावरतोच आहे, तिथे नॅनोतंतूंनी आधी शिरावं. तिथे त्याला कमी बदलावं लागेल. भाचीला हे पटत नाही. साध्या विभाजकावर चांगल्या जर्नलमध्ये पेपर निघत नाही, असं तिचं व्यवहारी म्हणणं आहे, आणि तिला तीन वर्षांत प्रबंध द्यायचा आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला तो वेगळ्याच कामाने. पडदा पेरॉक्साइड आणि लोहाच्या द्रावणात ठेवून किती तग धरतो हे तपासायची जी चाचणी असते, तीत तिचा पडदा तुकडे होऊन पडला होता, आणि साखळ्या किती तुटल्या ते तिला मोजायचं होतं. मी म्हटलं, हे आम्ही करायचो. कागदाचा कपटा तांब्याच्या एका गडद निळ्या द्रावणात विरघळवायचा, काचेच्या बारीक नळीतून ते द्रावण खाली यायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचने मोजायचं. साखळी लांब असेल तर रेंगाळतं, तुटलेली असेल तर भरकन येतं. ती म्हणाली, अगदी तेच करायचं आहे, पण द्रावणाला हवा लागली की माझे आकडे हलतात. मग तासभर मी तिला फोनवर नायट्रोजन कसा सोडायचा, तापमान किती धरायचं, बाटली पूर्ण भरून का ठेवायची हे सांगितलं. आकडा आला तो दीडशेच्या खाली. आमच्याकडे एवढ्यावर ट्रान्सफॉर्मर भंगारात काढतात. ती म्हणाली, पुढच्या वेळी टाके दुप्पट घालते. मी विचारलं, आणि मग तो मातीत कुजेल का? 'ते पुढच्या पेपरात बघू, मामा,' ती म्हणाली, आणि तिला लगेच आणखी चिपाड हवं आहे, भावाला सांगून एक पोतं एसटीच्या पार्सलने लावून द्या, असंही.